गुलमर्ग, मुळकी आणि उमापूरचं जिनिंग

बर्फावर पडणं, पाण्यात पडणं आणि सिमेंटवर पडणं यांत फरक असतो. यंदा एका मोसमात तिन्हीकडे पडून आल्यामुळे हे मी अधिकारानं सांगू शकते. बर्फावर पडलं की आधी लाज वाटते, मग थंडी. पाण्यात पडलं की लाज वाटायला वेळच मिळत नाही. सिमेंटवर पडलं की मात्र आपलं वय, वजन आणि आजवर न ऐकलेले सगळे सल्ले एकदम आठवतात.

फळीवरून घसरायचे हे खेळ टीव्हीतल्या गोऱ्या पोरांचे आहेत असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी लिहिते आहे. मलाही तसंच वाटायचं. शिरूर कासारच्या जिल्हा परिषद शाळेत इतिहास-भूगोल शिकवून मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. लग्न केलं नाही. का, ते विचारू नका. गावानं विचारून विचारून दमून सोडून दिलंय. निवृत्तीनंतर उमापूरला धाकट्या भावाकडे राहायला आले. भाऊ म्हणजे बाळासाहेब. पंचायत समितीवर होता, कापसाची नि उसाची जमीन बाळगून आहे, घरातसुद्धा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालतो. जगाचा बाळासाहेब, माझा बाळू. त्याची बायको शोभा, आणि एकुलती एक मुलगी ऋतुजा.

उमापूर

पौषात एका रविवारी ऋतुजा पुण्याहून आली ती बँकेची नोकरी सोडूनच. सुट्टीच्या दिवशी ती तिथल्या एका सोसायटीतल्या मुलांना स्केटबोर्ड शिकवते, एवढं आम्हाला ठाऊक होतं. चाकं लावलेली फळी. तिच्यावर आडवं उभं राहायचं आणि एका पायानं ढकलत जायचं. आता तिला तेच पूर्ण वेळ करायचं होतं. जोडीला बर्फावरची फळी आणि समुद्रावरची फळीही शिकायची होती. गुलमर्गला एक वर्ग, मग कर्नाटकात मुळकीला दुसरा. सगळं ठरवून आली होती.

बाळूनं चहाची बशी खाली ठेवली. "फळीवर उभं ऱ्हाऊन पोट भरतं व्हय कुनाचं?"

"शिकवणाऱ्याचं भरतं, अप्पा."

"आन् शेवगावच्या पाव्हन्यांना काय सांगू? पोरगी बर्फावर घसराया गेलती म्हनून?"

शेवगावहून ऋतुजासाठी स्थळ आलं होतं. मुलगा इंजिनिअर, घरचा पेट्रोल पंप, आणि बाळूच्या मते जोडून घ्यावा असा सोयरा.

माझा भाऊ राजकारणात मुरलेला. सरळ नाही म्हणायची त्याला सवयच नाही. असं काही बोलायचं की 'नाही' समोरच्याच्याच तोंडून यावं, ही त्याची रीत. तो म्हणाला, "जा की. म्या कुठं अडिवलंय? पर एकली न्हाई जायचं. आक्का संगं येत आसंल तर जा."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत मी कानटोपी काढत नाही, हे घरात कुणाला सांगायला नको. मी मेथी निवडत होते. दोन काड्या आणखी निवडल्या आणि विचारलं, "ऋतू, तिकडं मोजे किती जोड लागतील गं?"

बाळूचा चेहरा असा झाला, जणू अविश्वासाचा ठराव त्याच्याच गटातल्या माणसानं मांडलाय.

गुलमर्ग

जाण्यातला प्रवास सांगत नाही. रेल्वे, विमान, पुन्हा गाडी. सगळीकडे लोक मोबाइलमध्ये बघत बसलेले असतात. टंगमर्गला आमची गाडी थांबली आणि चाकांना साखळ्या बांधलेली दुसरी गाडी आली, तिथून खरी गंमत. एका दुकानदारानं माझ्या साडीकडे पाहिलं, काही न बोलता आत गेला आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट नि घोंगडीएवढा कोट घेऊन आला. कोट अंगात घातल्यावर आरशात बघितलं तर मी दिसेचना. कोट उभा होता.

आणि मग बर्फ. मुलांना मी आयुष्यभर शिकवलं, 'हिमालयात बारमाही हिम असते.' वाक्य बरोबरच आहे, पण ते म्हणजे लग्नपत्रिका वाचून जेवल्यासारखं. आमच्याकडे माघात जिनिंगच्या आवारात सरकी काढलेल्या कापसाचे ढीग लागतात. तसे ढीग झाडांवर, छपरांवर, कुंपणांवर, नजर जाईल तिथवर. मी खाली वाकून मूठभर उचललं आणि हाताला चटका बसल्यावरच तो कापूस नाही हे पटलं.

ऋतुजाला शिकवायला बशीरभाई होते. पन्नाशीचे, लालबुंद गालांचे, आवाज एवढा हळू की ऐकायला जवळ जावं लागे. पहिल्याच दिवशी मी त्यांना म्हणाले, "मैं तो इस थंडीसे बेजार हो गयी." 'बेजार' ऐकून ते चमकले. पुण्या-मुंबईची माणसं असं बोलत नाहीत म्हणाले. मी त्यांना सांगितलं की आमच्या बाजूला निजामाचं राज्य होतं. निजाम गेला, शब्द इथंच राहिले. मग रोज चहाच्या वेळी आमची देवाणघेवाण चाले. त्यांचा चहा गुलाबी आणि खारट. पहिला घोट घेतला तेव्हा वाटलं, साखरेच्या डब्यात कुणीतरी मीठ भरलंय. तिसऱ्या दिवशी मी स्वतःहून दुसरा पेला मागितला. त्यांच्या गिरदा नावाच्या रोटीबरोबर मी शोभाची शेंगदाण्याची चटणी दिली. बशीरभाईंनी ती बोटानं चाखली, डोळे मिटले आणि म्हणाले, "आपा, कांगडी की ज़रूरत नहीं अब." कांगडी म्हणजे अंगरख्याच्या आत धरायची निखाऱ्यांची टोपली. शोभाच्या चटणीला याहून मोठा मान मिळालेला मी ऐकला नाही.

माझं काम नुसतं बसायचं होतं. पण नुसतं बसण्यासारखी थंडी जगात नाही. बशीरभाईंनी मला कुडकुडताना पाहिलं आणि म्हणाले, "आपा, बैठने से ठंड लगती है, गिरने से नहीं."

स्नोबोर्ड म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला पट्ट्यांनी जखडतात आणि उतारावर तुम्हाला आडवं सोडतात. एवढं कळल्यावर कोणीही शहाणा माणूस घरी जाईल. मी उभी राहिले, पडले. उभी राहिले, पडले. टाचेवर भार टाकला की फळी थांबते, हे कळेपर्यंत दुपार झाली. दुसऱ्या दिवशी टाच विसरले आणि फळी निघाली. समोर जळगावकडच्या एका सहलीच्या बायका ओळीनं फोटोला उभ्या होत्या. मी "सरका, सरका!" असं मराठीतच ओरडले. त्यांना वाटलं, फोटोसाठी जवळ सरकायला सांगताहेत. त्या आणखी जवळ आल्या. मधल्या दोघी घेऊन मी आडवी झाले.

"अहो बाई, डोळे फुटलेत का?" खालून आवाज आला.

"फुटलेले नाहीत, पण चष्मा गेलाय," मी म्हणाले.

"कुठल्या हो तुम्ही?"

"बीडच्या."

"अगंबाई! माझी मावशी गेवराईला दिलीय!"

त्यानंतर आम्ही तिघी तशाच बर्फात बसून त्यांचा चिवडा खाल्ला. चष्मा बशीरभाईंनी शोधून आणला.

हे माझं. ऋतुजाचं सांगायचं तर एका सकाळी बशीरभाईंनी मला खाली उभं केलं आणि वर बोट दाखवलं. पार वर एक ठिपका होता. तो निघाला. डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला, मागे बर्फाचा भुगा पंख्यासारखा उडत होता. घरात ही पोरगी बापासमोर पाण्याचा तांब्यासुद्धा आवाज न करता ठेवते. इथं ती डोंगरावरून रेघ ओढत खाली आली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. मी म्हणाले, "पुन्हा एकदा कर. मी नीट पाहिलं नाही." पाहिलं होतं. डोळ्यांत पाणी आलं म्हणून धूसर दिसलं एवढंच.

संध्याकाळी बाळूचा फोन ठरलेला.

"पोरगी नीट हाय ना?"

"नीट हाय."

"आन् तू?"

"मी बी." त्या वेळी मी गरम पाण्याच्या पिशवीवर बसले होते.

मुळकी

फाल्गुनात आम्ही एकदम घामाच्या मुलखात उतरलो. मुळकीला शांभवी नदी समुद्राला मिळते. नारळ इतके की माणसांना जागा उरू नये. सकाळी नीर डोसा नावाचं पांढरं, रुमालासारखं मऊ धिरडं. तांदळाचंच, पण आमच्या धिरड्याला तव्यावर जो रुबाब असतो तो त्याला नाही. ते गरीब स्वभावाचं आहे. सोबत माशाचं कालवण. मी बीडची, आमच्याकडे मासा म्हणजे नाथसागर धरणाचा, आणि तोही कुणी आणला तर. मी चार दिवसांत काटे काढायला शिकले, जे लाटेवर उभं राहण्यापेक्षा अवघड आहे.

शिकवणारी श्वेता नावाची तिथलीच मुलगी होती, कोळ्यांच्या घरातली. तिला मराठी येत नव्हती, मला तुळू येत नव्हती, हिंदी दोघींची सारखीच वाईट. त्यामुळे आमचं छान जमलं. तिनं विचारलं, पोहता येतं का? मी छाती काढून सांगितलं, येतं. लहानपणी वडिलांनी पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत टाकलं होतं. विहिरीत पोहणाऱ्या माणसाला वाटतं, पाणी म्हणजे पाणी.

सर्फिंगची फळी मोठी असते, नवशिक्यांची तर दारासारखी. तिच्यावर पालथं पडायचं, हातांनी पाणी मारायचं, मागून लाट आली की झटकन उभं राहायचं. 'झटकन' हा शब्द माझ्या गुडघ्यांनी बरीच वर्षं ऐकला नव्हता. पण तिसऱ्या दिवशी फेसाच्या एका छोट्या लाटेवर मी उभी राहिले. सांगते, मुख्याध्यापकांनी पहिल्यांदा वर्ग माझ्या एकटीवर सोडला होता, त्या दिवसानंतर एवढं मोकळं मला कधी वाटलं नव्हतं. किनाऱ्यावर येईतो उभी होते. मग वाळूला फळी लागली आणि मी तोंडावर पडले, पण ती पडझड मी धरत नाही.

त्यानं माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऋतुजा आणि श्वेता दोघी किनाऱ्यावर फळ्यांना मेण लावत होत्या. मी म्हटलं, तोवर एक फेरी मारून येते. समुद्रात सगळीकडे लाटा फुटत होत्या. मध्येच एक पट्टा मात्र शांत दिसला, आमच्या विहिरीसारखा. मी तिथूनच आत शिरले. तो शांत पट्टा म्हणजेच पाणी परत समुद्रात ओढून नेणारी वाट असते, हे मला कोण सांगणार?

किनारा मागे जाऊ लागला. मी वळले तेवढ्यात बाजूनं लाट आली आणि मी फळीवरून पडले. पायाला बांधायची दोरी मी घाईत नीट आवळली नव्हती, ती सुटली. फळी एकीकडे, मी एकीकडे. मी पोहायला लागले. चांगली पोहत होते, हात व्यवस्थित पडत होते, आणि नारळाची झाडं लहान लहान होत चालली होती. दम लागला. तोंडात खारं पाणी गेलं. मनात आलं ते फार साधं होतं. वाटलं, बाळूला हे फोनवर कोण सांगेल?

"आत्या! किनाऱ्याकडे पोहू नको!"

ऋतुजा तिच्या फळीवर पालथी, हात मारत येत होती. मी तरीही किनाऱ्याकडेच पोहत होते. भीती वाटलेल्या माणसाला घरच दिसतं.

"आत्या, थांब म्हणते ना! हात इकडे दे. फळी धर. पाय सोड सैल."

असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. त्यात घाई नव्हती, विनवणीही नव्हती. जन्मभर वर्गात मी सूचना देत आले. पहिल्यांदाच कुणाच्या तरी सूचनेवर माझा जीव होता. मी फळी धरली. ऋतुजा किनाऱ्याकडे गेलीच नाही. किनाऱ्याला समांतर, आडवी हात मारत राहिली, बराच वेळ, आणि मध्ये मध्ये माझ्याशी बोलत राहिली. "तू आता फक्त श्वास घे. बाकी माझ्यावर सोड." ओढ संपली, लाटा फुटू लागल्या आणि एका लाटेनं आम्हा दोघींना उचलून वाळूवर आणून टाकलं.

तोवर श्वेता पाण्यात धावत आली होती. तिनं मला पालथं केलं, पाठ थोपटली. मी ठीक होते. ऋतुजा मात्र वाळूत बसली. मग रडली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते आणि दोघींच्याही केसांतून वाळू पडत होती.

"अप्पांना सांगू नकोस," ती म्हणाली.

संध्याकाळी फोन आला. "पोरगी नीट हाय ना?"

मी सांगून टाकलं. मला वाटलं, बापाला कळायला हवं पोरगी काय आहे ते. ती कशी आली, काय म्हणाली, कशी ओढून नेली, सगळं सांगितलं. बाळूनं तिकडचा टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "आक्का, तू बुडत व्हतीस?"

"व्हते. पण तिनं..."

"उद्याच्या उद्या निघा. दोघी बी."

मी पोरगी सांगितली, त्यानं समुद्र ऐकला. ऋतुजा शेजारीच उभी होती. परतीच्या वाटेत तिनं मला पाणी दिलं, खिडकीची जागा दिली, माझी पिशवी उचलली. बोलली मात्र एक शब्द नाही. मंगळुरापासून बीडपर्यंत एवढा लांब रस्ता मी कधी पाहिला नाही.

पुन्हा उमापूर

चैत्र निम्मा सरला होता. गुलमर्गहून आणलेला कोट पेटीत टाकताना त्याच्याकडे बघूनच घाम फुटत होता. बाळूनं आम्हाला काही विचारलं नाही. माझ्या हाताला धरून नुसता जरा वेळ बसला. मग उठून शेवगावला फोन लावला.

पाहुणे आले. पोहे झाले, सरबत झालं, पावसाच्या अंदाजावर चर्चा झाली. मग मुलाच्या वडिलांनी हसत हसत विचारलं, "हे फळीचं काय ऐकतो आम्ही? लग्नानंतर बंदच हुईल ना ते?"

ऋतुजानं ट्रे खाली ठेवला. "नाही, काका. तेच माझं काम आहे."

सगळ्यांनी बाळूकडे बघितलं. गावात भांडण मिटवायला ज्याला बोलावतात तो माणूस. त्यानं एकदा मुलीकडे बघितलं आणि सुपारी कातरत राहिला. पाहुणे "कळवतो" म्हणून गेले. आपल्याकडे 'कळवतो' म्हटलं की कळलंच.

त्या संध्याकाळी ऋतुजा स्केटबोर्ड घेऊन गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर गेली. मी मागोमाग. ती अजून माझ्याशी बोलत नव्हती, पण नको म्हणाली नाही. आमच्या रस्त्यांचं सांगायचं तर डांबर आहे, पण खडीचं त्याच्याशी पटत नाही. हरभऱ्याएवढा एक खडा चाकाखाली आला, फळी जागच्या जागी थांबली, ऋतुजा पुढे गेली. कोपर फुटलं. ट्रॅक्टर थांबवून एक जण म्हणाला, "ताई, ह्या रोडवर आमची टायरं टिकंनात. तुमची तर बोटबोटभर चाकं!"

तोडगा शोभानं काढला. एवढे दिवस ती दारात उभी राहून ऐकत होती. सकाळी तिनं पदर खोचला आणि जिनिंगवाल्यांच्या घरी गेली. त्यांची बायको आणि ती एकाच भजनी मंडळात. परत आली ती आवाराची किल्ली घेऊनच. कापसाचा मोसम संपल्यावर जिनिंग ओस पडतं. ते सिमेंटचं भलंमोठं आवार, कापूस पसरायला गुळगुळीत केलेलं, एका बाजूनं वजनकाट्याकडे हलका उतार. ऋतुजानं ते पाहिलं आणि आईकडे बघून हसली. मग चुकून माझ्याकडे बघूनही. तिथून आमचं बोलणं सुरू झालं.

"आत्या, सांगायचं नव्हतंस गं," ती म्हणाली.

"सांगितलं नसतं तर तू मला बाहेर काढलंस हे फक्त माशांना ठाऊक राहिलं असतं," मी म्हणाले. तिनं कोपराला औषध लावून घ्यायला हात पुढे केला.

ऊन चढायच्या आत सकाळी सराव. आधी एकटी ऋतुजा. मग दहावीची परीक्षा संपलेल्या दोघी आल्या, मग त्यांच्या मैत्रिणी. फळी एक, पोरी डझनभर. रांगेतली भांडणं सोडवायला निवृत्त शिक्षिका होतीच. मीही शिकले. पडले, ते वर सांगितलंच आहे. शोभा निंबाखाली ताकाची घागर घेऊन बसायची आणि कुणीही पडलं की "आरं द्येवा" म्हणायची. त्यावरून किती पडलो त्याचा हिशोब लागायचा. बाळूची गाडी रोज फाटकासमोरून जायची. काचा वर. पण फाटकाशी येताना गाडी हळू व्हायची, आणि तिथं गतिरोधक नाही.

एका सकाळी मला लवकर जाग आली. वाटलं, पोरी यायच्या आत आपण जरा हात, म्हणजे पाय, साफ करून घ्यावा. फाटक उघडं होतं. आत बाळू. एका हातानं वजनकाट्याचा कठडा धरलेला, पांढरी विजार पोटरीपर्यंत खोचलेली, डावा पाय फळीवर. आदल्या दिवशी फळी तिथंच ऑफिसच्या व्हरांड्यात राहिली होती. मी भिंतीआड थांबले. तो पाय ठेवायचा, काढायचा. पुन्हा ठेवायचा. मग त्यानं कठडा सोडला, उजव्या पायानं एकदा ढकललं आणि दोन्ही पाय वर घेतले.

चांगला पाच-सात हात गेला. मी शपथेवर सांगते, हसत होता. मग उतार आला.

मी पोचले तेव्हा तो सिमेंटवर बसून उजवं मनगट डाव्या हातानं धरून होता. पहिलं वाक्य म्हणाला, "आक्का, कुनी बगितलं तर न्हाई?"

"मी बगितलं."

"तू सोडून."

"कावून केलंस रं हे?"

तो मनगटाकडे बघत राहिला. "समुद्रातून तुला वडून आनलं तिनं. म्या तिला काय म्हनलं? घरी ये." मग फळीकडे बघून, "बगावं म्हनलं, हाय तरी काय ह्यात."

"मग? काय हाय?"

"लई भ्या वाटतं," माझा भाऊ म्हणाला. "आन् लई ग्वाड बी वाटतं."

बीडला हाडाच्या डॉक्टरांकडे नेलं. मनगट मोडलं होतं. गाडीतच ठरलं की बाथरूममध्ये घसरलो असं सांगायचं. गावात तसंच पसरलं, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण आपापल्या बाथरूमच्या फरशीबद्दल बोलून गेला. शोभाला एका दिवसात कळलं, कारण विजारीवर सिमेंट होतं. ऋतुजाला कळलं की नाही, ते कळेना.

शिरूर कासार

वैशाखात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या मुलीचं लग्न शिरूर कासारला होतं. आम्ही चौघंही गेलो. ऊसतोडीला गेलेली घरं परतलेली, त्यामुळे मांडव गच्च. आमच्याकडे अक्षतांच्या आधी पुढाऱ्यांनी आशीर्वाद द्यायची पद्धत आहे. नवरानवरी घामानं निथळत उभी राहतात, पुढारी विकासावर बोलतात. हे परमुलखात कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

माईकवाला ओरडला, "हात मोडलेला असतानाबी, बाथरूममधी घसरलेले असतानाबी, आपल्या शब्दाखातर आलेले बाळासाहेब!" टाळ्या. पुढच्याच ओळीत शेवगावचे ते पाहुणेही बसले होते. मुलीकडून त्यांचं नातं होतं.

बाळूनं डाव्या हातात माईक घेतला. नवरानवरीला चार शब्द बोलला. मग थांबला. पुढारी माईकपुढे थांबत नाही, म्हणून सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"एक गोष्ट चुकीची सांगितली गेली," तो म्हणाला. "म्या बाथरूममधी घसरलो न्हाई. उमापूरच्या जिनिंगात स्केटबोर्डवरून पडलो. चाकाची फळी आसती. ह्या वयात चढलो, पडलो."

आधी कुठूनतरी एक हसू फुटलं, मग सगळ्या मांडवात पसरलं. नवरीसुद्धा मुंडावळ्यांआडून हसत होती. बाळूचे कान लाल झाले. पण तो खाली बसला नाही.

"हसा. म्याबी हसलो आसतो. पर माझी पोरगी त्या फळीवरून पडत न्हाई. बर्फावर पडत न्हाई, समुद्रात पडत न्हाई. माझ्या बहिनीला तिनं बुडताना काढलं, ह्या इथं बसल्यात बाई, इचारा. ती रोज सकाळी जिनिंगात पोरींना शिकविती. ज्यांना आपल्या पोरी धाडायच्यात त्यांनी धाडाव्यात. कुनाचा हात मोडला तर दवाखान्यात म्या सोता घिऊन जाईन. मला आता रस्ता पाठ हाय."

माईक देऊन टाकला आणि मंगलाष्टकं सुरू झाली. ऋतुजा माझ्या शेजारी अक्षता मुठीत धरून उभी होती. 'सावधान' झालं, सगळ्यांनी अक्षता टाकल्या. हिची मूठ उघडलीच नाही. मी कोपरानं ढोसलं तेव्हा कुठे तिला लग्नाची आठवण झाली.

जेवायला पंगतीत आम्ही चौघं ओळीनं बसलो. मध्येच दोन-तीन बायका वाकून विचारून गेल्या, "जिनिंगात किती वाजता यायचं?" शेवगावचे पाहुणे समोरच्या पंगतीत होते. त्यांनी रामराम केला, बाळूनं केला, तेवढंच.

बाळूला डाव्या हातानं वांग्याची भाजी नि पुरी जमेना. ऋतुजानं न विचारता त्याच्या पत्रावळीवरची पुरी मोडली, वरणात कालवली, आणि चमचा त्याच्या डाव्या हातात दिला. तो खाली मान घालून खात होता. मान वर न करताच म्हणाला, "कोनता पाय म्होरं ठिवायचा आसतो गं?"

"तुमचा उजवा, अप्पा. मी तुम्हाला जिना उतरताना पाहिलंय. त्या दिवशी डावा पुढे ठेवला असणार, म्हणून पडलात."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं.

"सगळ्यांचाच उजवा आसतो?"

"नाही. बहुतेकांचा डावा. उजवा पुढे ठेवणाऱ्याला आमच्यात गूफी म्हणतात."

"म्हंजी?"

"म्हणजे उलट्या पायाचा."

पलीकडून शोभा बुंदी घेत म्हणाली, "ऋतू, ह्ये तुला आज कळलं व्हय?"

मला ठसका लागला. बाळूनं एकदा बायकोकडे बघितलं, एकदा मुलीकडे, आणि चमचा खाली ठेवून, मांडवातली माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्यानं हसला.